कुंकू लावलेले बोल्ट

आमच्या वर्कशॉपात कुंकू म्हणजे लाल ऑइलपेंट. कुठलाही बोल्ट शेवटचा आवळून झाला की आबा, म्हणजे माझे वडील, आगपेटीची काडी रंगाच्या डबीत बुडवतात आणि बोल्टाच्या डोक्यावर एक गोल टिपका ठेवतात. टिपका आहे म्हणजे त्या बोल्टाचं काम संपलं, आता त्याला कुणी पाना लावायचा नाही. "कुंकू लागलं काय?" असं आम्ही एकमेकांना विचारतो तेव्हा नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, आत लग्नच चाललंय. कुंकू लागलेल्या बोल्टाला परक्यानं हात लावायचा नाही, हा आबांचा नियम. तो ते घरी पाहुण्यांसमोरसुद्धा एवढ्या मोठ्यानं हसत सांगायचे की आई कपाळाला हात लावायची.

मी त्या बोल्टांना हात लावत होते. रोज. मी काही परकी नाही, त्यांची पोटची पोरगी, पण लावत होते तो परक्यासारखाच, चोरून.

आमचं दुकान उद्यमनगरात, आटे दुरुस्तीचं. इंजिनाच्या भोकातले आटे, म्हणजे बोल्टाला धरणारे पेच, गेले की बोल्ट नुसता गरागरा फिरतो, धरत नाही. मग गॅरेजवाले गाडी आमच्याकडं ढकलतात. आम्ही ते भोक थोडं मोठं करतो, टॅप नावाचं हत्यार फिरवून त्याला नवे आटे पाडतो, आत स्प्रिंगसारखी तारेची कॉइल बसवतो आणि त्या कॉइलमध्ये मूळ मापाचा बोल्ट पुन्हा बसतो. पूर्वीची इंजिनं बिडाची होती, बीड सोसायचं. आता सगळं ॲल्युमिनियम, आणि त्यात आमचं कोल्हापूर. आमच्याकडं माणूस प्रेमानं ताटात वाढतो तेव्हा 'अजून जरा' म्हणतो, आणि बोल्ट आवळतो तेव्हाही 'अजून जरा' म्हणतो. अति तिथं माती ही म्हण बाकीच्या महाराष्ट्रासाठी असेल. त्या 'अजून जरा'वरच आमच्या घराची चूल पेटते, तेव्हा मी तक्रार कुठल्या तोंडानं करू?

आबा मात्र कधीच 'अजून जरा'वाले नव्हते. पाना ओढता ओढता ते मान एका अंगाला कलती करायचे आणि थांबायचे. बोल्ट सांगतोय की बास म्हणून, आपण ऐकायचं, असं म्हणायचे. माझ्या मनगटात वजनाचा काटा हाय, हेही म्हणायचे, आणि हळू आवाजात नाही, पार कोपऱ्यावरच्या लेथवाल्याला ऐकू जाईल असं. मी डिप्लोमा करून दुकानात आले तेव्हा हौसेनं एक टॉर्क रेंच आणला. त्याच्यावर जोर ठरवून द्यायचा, तेवढा झाला की तो 'टक्' करून वाजतो. आबांनी गल्ली गोळा करून माझी चेष्टा केली. म्हणाले, आमच्या पोरीला कॉलेजात कानानं आवळायला शिकवलंय. मीही त्यांचीच पोरगी. फणकाऱ्यानं तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्यांच्या मनगटाकडं बघून शिकले.

मग आबांची साखर वाढली. आधी पायाची, मग हाताची बोटं बधिर व्हायला लागली. चहाचा ग्लास हातातनं सुटायला लागला. शर्टाची बटणं आई लावून द्यायला लागली, आणि तिनं लावताना ते छताकडं बघत उभे राहायचे. दुकानात आल्यावर मात्र आवाज तोच, ऐट तीच. एके दिवशी त्यांनी एका गाडीच्या चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा बोल्ट आवळायला घेतला आणि ते आवळतच राहिले. मी पाठमोरी होते. कर्र असा बारीक आवाज आला आणि मी वळून बघितलं. आटे गेल्याचा तो आवाज. तो आवाज दुसऱ्यांच्या दुकानात व्हायचा आणि निस्तरायला आमच्याकडं यायचा, आमच्या दुकानात तो कधी झाला नव्हता.

हल्लीचं ॲल्युमिनियम म्हंजे नुसता पेढा, असं आबा म्हणाले. मी व्हय म्हटलं. दोघांनी मिळून त्या भोकात कॉइल बसवली आणि विषय तिथंच बुजवला. पण मग तसं पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानं टिंगल केली की आबा आता स्वतःच गिऱ्हाईक तयार करायला लागले. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यानं आबा हसले. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच भरलेला घरी गेला.

संध्याकाळी आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. भाकरी थापता थापता म्हणाली, हात गेला असं त्यांना तोंडावर म्हणू नकोस, दुकानात जायचं सोडतील. आणि दुकान सुटलं तर त्या माणसात राहील काय, असंही म्हणाली. मी मान हलवली. आईवर ढकलायचं नाही मला, ती न सांगती तरी मी तेच केलं असतं. बापासमोर उभं राहून 'तुमचा हात गेला' म्हणायला छाती लागते, आणि माझी सगळी छाती गिऱ्हाइकांवर ओरडण्यातच खर्ची पडते.

तेव्हापासून आमचं सुरू झालं. दुपारी आबा घरी जाऊन जेवून जरा आडवे होतात. ते कोपरा वळले की मी ड्रॉवर उघडायचे. त्यांनी आवळलेला प्रत्येक बोल्ट लांब दांडीच्या पान्यानं सोडायचे. बोल्ट असे रुतलेले असायचे की सुटताना किंचाळायचे. मग टॉर्क रेंच लावून, 'टक्' ऐकून, मापात आवळायचे. पेट्रोलच्या बोळ्यानं त्यांचं कुंकू पुसायचे आणि माझ्या हातानं नवं लावायचे. प्रत्येक 'टक्'ला मी दाराकडं बघायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही, आमच्याकडं तर भर दुपारी पडायचं.

आबा परत आले की गाड्या जायच्या. गिऱ्हाईक त्यांना म्हणायचं, आबा, तुमच्या हाताला तोड न्हाई. ते मिशीवरनं हात फिरवायचे, मला चहा सांगायला लावायचे, आणि माझा ग्लास तसाच गार व्हायचा. मला त्यांचा राग यायचा, एवढंही कळत नाही का म्हणून. आणि मग स्वतःचा यायचा, कळू नये म्हणून मीच तर सगळं करतेय. घरी गेल्यावर ते भाकरीचा तुकडा मोडताना त्यांच्या बोटांकडं मला बघवायचं नाही.

दसऱ्याच्या सुमारास एक गोष्ट झाली. त्यांचे बोल्ट सोपे सुटायला लागले. किंचाळणं बंद. पाना लावला, जरा ओढला, की सुटला. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! डॉक्टरांनी गोळी बदलली होती, आई सकाळी तळव्यांना तेल चोळायची, त्याचाच गुण आला असं मी धरलं. आईला सांगितलं, हात परत आला गं त्यांचा. तिनं देवापुढं साखर ठेवली. साखरेच्या रोग्यासाठी साखर! मग तो प्रसाद त्यांना देता येईना, सगळा मीच खाल्ला.

खरं तर मी आवळताना मोजत होते, सोडताना कधी मोजलं नव्हतं. लांब दांडीच्या पान्याला मापातला बोल्ट काय नि त्याहून कमी आवळलेला काय, दोन्ही हलकेच लागतात. पण मला जे पाहिजे होतं तेच माझ्या हाताला लागलं.

पेठ वडगावचे एक निवृत्त सर आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या जुन्या पेट्रोल गाडीच्या एका स्पार्क प्लगचे आटे पूर्वी आबांनी करून दिले होते. तेव्हापासून प्लग बदलायचे असले तरी ते वाटेतली सगळी गॅरेजं सोडून आमच्याकडं येतात. दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते आले, बरोबर त्यांच्या बायको होत्या, त्यांना गावात खरेदी होती. गाडी ठेवून जाताना सर म्हणाले, आबांचं कुंकू लागलं की मी डोळे झाकून गाडी चालवतो. मी म्हटलं, सर, हायवे आहे, उघडे ठेवा. सगळे हसले. आबांनी बाह्या सारल्या आणि चारही प्लग स्वतः बसवले. चार लाल टिपके ठेवले आणि जेवायला गेले.

मी ड्रॉवर उघडला, रेंच काढला आणि बॉनेटपाशी उभी राहिले. ते चार गोल टिपके माझ्याकडं बघत होते. सरांचं बोलणं कानात होतं. हात परत आलाय, बोल्ट सोपे सुटताहेत, मग मी अजून हे काय करतेय? किती दिवस बापाच्या हातचं पुसायचं? मी रेंच परत ठेवला, ड्रॉवर लावला आणि डबा उघडला. कित्येक दिवसांनी जेवण गोड लागलं. सर गाडी घेऊन गेले तेव्हा मी त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले, एवढी खुशीत होते.

ऊन उतरायच्या आत सरांचा फोन आला. टोप गाव ओलांडल्यावर बॉनेटखाली मोठा आवाज झाला, जणू आत कुणी सुतळी बॉम्ब लावला. गाडीनं आचके दिले आणि हायवेच्या मधोमध बंद पडली. मागनं येणारा ट्रक हॉर्न देत अगदी घासून गेला. कुणाला खरचटलंही नव्हतं, पण बाईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती ती अजून सोडली नव्हती. सर मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. उलट म्हणाले, आबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल. फोन ठेवला आणि मी दुकानाच्या पायरीवरच बसले. त्या ट्रकचा ड्रायव्हर जरा डुलकीत असता तर, हा एकच विचार. रात्रभर तोच.

सकाळी गाडी ओढून दुकानात आली. आबा समोरच होते, लपवायला जागा नव्हती. बॉनेट उघडलं. एक प्लग भोकातनं उडून नुसता वायरीला लोंबत होता आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकला होता. प्लग सैल राहिला की प्रत्येक दणक्याला तो भोकात हलतो, हलून हलून आटे खातो आणि शेवटी आटे घेऊनच बाहेर येतो. मी दुसऱ्या प्लगला हात लावला. तो बोटानं फिरला. तिसराही फिरला. चौथाही. चारही प्लगांवर लाल गोल टिपका होता. मला वाटलं, बोटं पार गेली यांची, यांना घट्ट-सैलही कळेना झालंय. आता बोलावंच लागणार होतं.

पण आधी आबाच बोलले.

"काल तू परत आवळलं न्हाईस?"

मला काही समजेना.

"मी जेवाय गेल्यावर," ते म्हणाले. "रोज आवळतीस की. कालच का न्हाई आवळलंस?"

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी फरशीसकट सरकली. आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांचा टिपका गोल असतो, माझा लांबट. जेवून आले की ते गाड्यांकडं नुसती नजर टाकायचे आणि प्रत्येक बोल्टावर माझं कुंकू बघायचे. काही दिवस तसंच चालू दिलं. मग त्यांच्या मनात आलं, पोरगी एवढे रुतलेले बोल्ट एकटी सोडते, तिच्या खांद्यावर ताण येतो, आणि दोनदा आवळून गाडीचे आटेही झिजतात. म्हणून त्यांनी आवळणंच सोडलं. बोटानं फिरवायचे, पाना टेकवल्यासारखा करायचा आणि टिपका ठेवायचा. पुढचं मी करणारच, ही त्यांना खात्री होती. तेवढंच तुला हलकं, असं म्हणाले.

सैल सोडलेल्या बोल्टांना मी बरा झालेला हात समजले होते. त्यावर देवापुढची साखर खाल्ली होती.

आबांनी तिथंच फोन काढला, सरांना लावला आणि सांगितलं की चूक माझी हाय, प्लग मी सैल सोडलं. मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, सर, चूक माझी आहे. सर बिचारे गोंधळले. ते दोघांनाही जाऊ द्या म्हणत होते आणि आम्ही दोघंही जाऊ देत नव्हतो. कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, ह्या बाप-लेकीच्याच डोक्याचे आटे ढिले झालेत.

मग कामाला लागलो. कितीही लाज वाटली तरी भोक आपोआप बुजत नाही. मी टॅपला ग्रीस चोपडलं, म्हणजे चुरा त्यालाच चिकटतो, खाली इंजिनात पडत नाही. आबा बाजूला वाकून टॅप सरळ जातोय का बघत होते, त्यांची नजर अजून शाबूत आहे. डावीकडं कलला म्हणाले, मी सरळ केला. अर्धा फेरा पुढं, जरासा मागं, पुन्हा अर्धा पुढं. हे काम घाईचं नाही आणि त्यात तोंडाकडं बघावं लागत नाही, म्हणून असेल, त्यांनी तेव्हाच विचारलं.

"माझ्या हाताला कळत न्हाई, हे मला ठावं हाय. तुला बी ठावं हुतं. मग बोलली का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून, आबा."

"वाटायचं की," ते म्हणाले. "रोज वाटायचं. जेवून आलो की वाटायचं."

मी टॅप फिरवत राहिले. थांबले असते तर रडले असते, आणि टॅप मध्येच सोडला तर मोडतो. रोज दुपारी मी ज्या गोष्टीपासून त्यांना वाचवत होते, तीच रोज दुपारी त्यांच्या ताटात वाढत होते. आणि ते बिचारे तीही मुकाट्यानं खाऊन, वर माझ्या खांद्याची काळजी करत होते.

कॉइल बसली. चुरा हवेनं उडवून भोक साफ केलं. प्लग बसवायची वेळ आली तेव्हा आबा हात पुसत मागं सरकले आणि म्हणाले, तूच घे. त्यांनी ते इतकं साधेपणानं म्हटलं की आईचं भाकरीपाशी बोललेलं मला आठवलं आणि मी घाबरले. मी ड्रॉवर उघडला, टॉर्क रेंच काढला, माप लावलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी चेष्टा केली नाही. प्लगवर लावला, दोन्ही हातांनी धरून हळूहळू ओढला. 'टक्' वाजलं. ते थांबले. पुन्हा एकदा लावून बघितला, पुन्हा 'टक्'.

"ऐकू येतंय की मला," आबा म्हणाले. "कान कुठं गेल्यात माझं?"

बोटं गेली होती, कान नव्हते. तो रेंच आमच्यात दोन हातांवर होता आणि मी तो त्यांच्याच पाठीमागं वापरत होते. त्यांच्या हातात द्यायचा तर आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य वाचवायला मी वडगावच्या एका बाईला हायवेवर मधोमध उभं केलं.

त्यांनी उरलेले तीन प्लग आवळले, तीन वेळा 'टक्'. मग रेंच माझ्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि गाडीसमोर बसले. म्हणाले, आता सोडून बघ. मी म्हटलं, आबा, काही गरज नाही. त्यांच्या उत्तरात टोमणा नव्हता, तरी ते लागायचं तिथं लागलं.

"बघ की. तुझी सवय हाय. फक्त मी हितं बसतो."

मी पहिला प्लग सोडला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर परत आवळला. ह्या वेळी सोडतानाही जोर मोजला. प्लग मापात होता. बरोबर आहे, असं मी मोठ्यानं म्हणाले. त्यांनी मान हलवली. दुसरा सोडला, आवळला, बरोबर आहे म्हणाले. तिसऱ्यालाही म्हणाले. चौथाही बरोबरच निघाला, तेव्हा मी रंगाची डबी उघडली आणि काडी त्यांच्या हातात दिली.